राणी जिंदां : इंग्रजी दफ्तरातली आणि दफ्तराबाहेरची

१९ ऑगस्ट १८४७. लाहोरच्या किल्ल्यातून संध्याकाळी महाराजा दलीपसिंगाची स्वारी शालिमार बागेकडे निघाली. महाराजांचं वय नऊ वर्षंही पुरं नव्हतं. बागेत फिरायला नेतात म्हणून पोरगं खुशीत गेलं, आणि त्या रात्री त्याचा मुक्काम तिकडेच ठेवण्यात आला. तो नजरेआड झाल्यावर किल्ल्यातून दुसरी स्वारी निघाली. त्याच्या आईला पहाऱ्यात शेखूपुऱ्याच्या गढीकडे, लाहोरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, रवाना केलं गेलं. दुसऱ्या दिवशी जाहीरनामा निघाला. गव्हर्नर-जनरल लॉर्ड हार्डिंज यांना बाल महाराजांच्या शिक्षणाची आणि संगोपनाची बापाइतकीच काळजी आहे, म्हणून मुलाला आईपासून वेगळं करणं भाग पडलं, असा त्याचा आशय होता.

ही आई म्हणजे राणी जिंद कौर, पंजाबात सगळ्यांच्या तोंडी असलेली जिंदां. हिच्याबद्दल इंग्रज अधिकाऱ्यांनी इतकं वाईटसाईट लिहून ठेवलंय की सगळं खरं मानलं तर प्रश्न पडतो : असल्या बाहेरख्याली, दारूबाज, बेअक्कल बाईला मुलापासून तोडायला, तीन-तीन किल्ल्यांत कोंडायला, देशाबाहेर ठेवायला आणि मेल्यावरही पंजाबात येऊ न द्यायला कंपनी सरकारला एवढी यातायात का करावी लागली? रोमच्या क्लॉडियस बादशहाची बायको मेसालिना व्यभिचारासाठी कुप्रसिद्ध होती. इंग्रजांनी जिंदांला ‘पंजाबची मेसालिना’ करून टाकलं. हे नाव तिला कधी आणि कशासाठी चिकटलं, हे तारखा लावून पाहिलं की बरंच उलगडतं.

जिंदांचा जन्म १८१७ च्या सुमारास गुजराँवाला भागातला. बाप मन्नासिंग औलख हा महाराजा रणजितसिंगाच्या शिकारी कुत्र्यांच्या खात्यावर होता. १८३५ मध्ये रणजितसिंगानं तिच्याशी लग्न केलं, ६ सप्टेंबर १८३८ ला दलीप झाला आणि २७ जून १८३९ ला महाराज वारले. कुत्र्यांच्या रखवालदाराची पोर राणी झाली, एवढ्यावरच दरबारातल्या खानदानी मंडळींनी नाकं मुरडली होती. पुढे इंग्रजांनी दलीपच्या जन्माबद्दलही कंड्या पिकवल्या. रणजितसिंगानं मुलगा आपला म्हणून जाहीर मानला होता. गंमत अशी, की याच दलीपशी इंग्रजांनी एकामागून एक तह केले आणि त्याच्याच सहीनं पंजाब घेतला. सही घेताना तो अस्सल महाराजा होता, संशय काय तो आईपुरता.

रणजितसिंगामागे सहा वर्षं लाहोरात नुसती कापाकापी चालली. थोरला मुलगा खडकसिंग ५ नोव्हेंबर १८४० ला गेला. त्याच दिवशी बापाला अग्नी देऊन परतणारा नातू नौनिहालसिंग किल्ल्याच्या दरवाज्याची कमान कोसळून जायबंदी झाला आणि मेला. त्यानंतर कारभार पाहणारी खडकसिंगाची विधवा चांद कौर १८४२ मध्ये मारली गेली. १५ सप्टेंबर १८४३ ला रणजितसिंगाचाच मुलगा शेरसिंग महाराज याला नवी बंदूक दाखवण्याच्या मिषानं गोळी घातली, आणि वजीर ध्यानसिंग डोग्राही त्याच दिवशी गेला. मग पाच वर्षांच्या दलीपला गादीवर बसवलं. ध्यानसिंगाचा मुलगा हिरासिंग वजीर झाला, त्यालाही २१ डिसेंबर १८४४ ला फौजेनं ठार केलं. खरी सत्ता आता फौजेच्या पंचांकडे होती. जो वजीर येई तो पगार वाढवून फौजेला खूश करी, फौज फुगत जाई आणि खजिना आटत जाई.

हिरासिंगानंतर जिंदांचा भाऊ जवाहरसिंग वजीर झाला. हा माणूस उथळ आणि दारूबाज होता, त्याची तरफदारी करण्यात अर्थ नाही. रणजितसिंगाचा मुलगा म्हणवणारा पेशौरासिंग बंड करून शरण आला, तर त्याला यानं मारवलं. फौज खवळली. २१ सप्टेंबर १८४५ ला पंचांनी वजिराला लाहोरबाहेरच्या छावणीत बोलावलं. बचाव होईल या आशेनं तो सात वर्षांच्या महाराजाला मांडीवर घेऊन हत्तीवर बसला. शिपायांनी आधी पोराला त्याच्या हातातून काढून घेतलं, मग जवाहरसिंगाला तिथल्या तिथे भोसकलं. बहीण समोर होती. ती रात्र तिनं भावाच्या प्रेताशी आक्रोश करत काढली. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायका सती गेल्या, तेव्हा शिपायांनी त्यांच्या अंगावरचे दागिनेही ओरबाडले, असं लाहोर दरबारच्या नोकरीतला अमेरिकन कर्नल अलेक्झांडर गार्डनर सांगतो.

यानंतर जिंदांनं पडदा टाकून दिला. दरबारात बसून ती कागदपत्रं ऐकू लागली, फौजेसमोर जाऊन बोलू लागली. वय अठ्ठावीसच्या आसपास. पंचांशी घासाघीस करून तिनं काही महिने कारभार चालवला. नोव्हेंबरात लालसिंगाला वजीर आणि तेजसिंगाला सरसेनापती नेमलं. ही नेमणूक तिची सगळ्यात मोठी चूक ठरली.

लालसिंगाशी तिचे संबंध होते, असं बहुतेक सगळे लिहितात. असतीलही. रणजितसिंगाच्या स्वतःच्या जनान्याचा हिशेब कुणी मांडत नाही, आणि पंजाबातल्या जाटांत विधवेनं पुन्हा घर मांडण्याची रीत होती, हे इथे कुणाला आठवत नाही. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की या बातम्या इंग्रजांपर्यंत पोचत कशा होत्या. सरहद्दीवरचा इंग्रज पोलिटिकल एजंट मेजर ब्रॉडफूट याची कचेरी लाहोरात नव्हती. सतलजच्या अलीकडे बसून तो पगारी बातमीदारांच्या अखबारांवरून दरबाराचं चित्र रंगवायचा. जवाहरसिंगाच्या खुनानंतर पाचच दिवसांनी त्यानं वरिष्ठांना लिहिलं, की आपण एका सरकारचे प्रतिनिधी नसून कुंटणखान्याच्या दारातले शिपाई आहोत असं कधीकधी वाटतं. ज्या बाईच्या डोळ्यांदेखत भावाला भोसकलं, तिच्या घरावरचा हा शेरा.

तिकडे हार्डिंजची अडचण निराळी होती. जानेवारी १८४५ मध्ये त्यानं आधीचा गव्हर्नर-जनरल एलेनबरो याला खासगीत लिहिलं होतं : अडचणीच्या काळात ज्या मित्रानं आपल्याला मदत केली, त्याचाच मुलूख बळकावण्याचं समर्थन करायचं कसं? अफगाण मोहिमेत शिखांनी इंग्रजांना वाट आणि कुमक दिली होती, त्याला उद्देशून हे होतं. दरम्यान सरहद्दीवरची कंपनीची फौज वाढत वाढत ४० हजारांच्या घरात गेली, सतलजवर पूल बांधण्यासाठी होड्याही येऊन पडल्या. मैत्रीचा तह मोडायला सबळ कारण हवं होतं, आणि दरबार सडलेला आहे हे कारण ब्रॉडफूटचे कागद रोज पुरवत होते.

११ डिसेंबर १८४५ ला खालसा फौज सतलज उतरली आणि हार्डिंजनं युद्ध पुकारलं. इथे जिंदांवरचा सगळ्यात गंभीर आरोप येतो. भावाच्या खुनाचा सूड म्हणून तिनं मुद्दाम फौज इंग्रजांच्या तोफांपुढे लोटली, असं म्हणतात. हे फक्त तिचे वैरीच म्हणत नाहीत. शिखांबद्दल आस्था असलेला इतिहासकार जोसेफ कनिंगहॅमसुद्धा दरबारातल्या पुढाऱ्यांना फौजेचा काटा काढायचा होता असं सांगतो. बेबंद फौजेची तिला धास्ती होती, यात शंका नाही. युद्ध झालं तर फौज तरी आवरेल किंवा शत्रू तरी हटेल, असा विचार तिनं केला असणं अगदी शक्य आहे. पण रणांगणावर जे घडलं त्याचा धनी वेगळा आहे. लालसिंग फिरोझपूरच्या इंग्रज अधिकाऱ्याशी निरोपानिरोपी करत होता. २२ डिसेंबरला फिरोझशहाच्या मैदानावर इंग्रजांची फौज उपाशी, थकलेली, दारूगोळा संपलेली अशी उभी असताना तेजसिंग ताजी फौज घेऊन आला आणि लढाई न देता मागे वळला. १० फेब्रुवारी १८४६ ला सोबरावला मागचा होड्यांचा पूल तुटला आणि हजारो शीख सतलजमध्ये बुडाले. या सगळ्यात तेजसिंगाचं पुढे काय झालं? इंग्रजांनी त्याला सियालकोटचा राजा करायचं ठरवलं. बदनामी झाली ती जिंदांची.

गार्डनरच्याच आठवणीत एक प्रसंग आहे. आघाडीवरून आलेले सरदार कुमक मागत दरबारात उभे होते आणि राणी पडद्याआड होती. तिनं आपला घागरा काढून त्यांच्या अंगावर फेकला : हा नेसा, लढायला मी जाते. गार्डनर हा तिखटमीठ लावणारा गडी, त्यामुळे प्रसंग शब्दशः घ्यायला नको. पण फौज मरावी म्हणून टपलेल्या बाईची गोष्ट म्हणून हा प्रसंग चालत नाही, एवढं खरं.

९ मार्च १८४६ च्या लाहोरच्या तहानं सतलज-बियासमधला मुलूख गेला आणि दीड कोटी रुपयांची खंडणी बसली. आठवड्याभरात काश्मीर ७५ लाखांना जम्मूच्या गुलाबसिंगाला विकलं गेलं. राज्याची पालक म्हणून जिंदां जागेवर होती. इंग्रज फौज वर्षअखेरीस परत जायची होती, निदान कागदावर तसं होतं. डिसेंबरात हार्डिंजनं आपला चिटणीस फ्रेडरिक करी याला खासगी पत्र लिहिलं. फौज राहू द्या ही विनंती दरबाराकडूनच आली असं दिसलं पाहिजे, असं त्यात बजावलं होतं. सरदारांना पटवण्यात आलं. जिंदांचा विरोध होता, म्हणून तिला बाजूला काढलं. भैरोवालच्या तहानं दलीप सोळा वर्षांचा होईपर्यंत कारभार इंग्रज रेसिडेंटच्या हाती गेला आणि राणीला वर्षाला दीड लाखाची नेमणूक ठरली. ती नुसती नेमणूक खात बसली असती, तर तिच्या चारित्र्याची चर्चा बहुधा तिथेच संपली असती.

ती बसली नाही. ७ ऑगस्ट १८४७ ला तेजसिंगाला राजा करण्याचा सोहळा होता. दलीपनं त्याच्या कपाळी केशराचा टिळा लावायचा, एवढंच काम. मुलगा तासभर उशिरा आला, आणि तेजसिंग पुढे वाकला तेव्हा हात घडी घालून मागे सरकून बसला. काही केल्या लावीना. अखेर एका भाईकडून टिळा लावून घेतला. रेसिडेंट हेन्री लॉरेन्सला यात आईची शिकवण दिसली, आणि ती असणारच. बारा दिवसांनी शालिमार बाग.

शेखूपुऱ्याला गेल्यावर नेमणूक दीड लाखाची ४८ हजार झाली. त्याआधी लाहोरच्या किल्ल्यात कोंडलेली असतानाच तिनं रेसिडेंटला पत्रं पाठवायला सुरुवात केली होती, ती आज वाचायला मिळतात. राज्य घ्यायचं तर चोरून कशाला घेता, उघड घ्या, असं तिनं विचारलं. मुलाला परत द्या म्हणून विनवलंही. या पत्रांची भाषा कधी रडवेली आहे, कधी धारदार, आणि मेसालिना त्यांत कुठे सापडत नाही.

एप्रिल १८४८ मध्ये मुलतानात दोन इंग्रज अधिकारी मारले गेले आणि दिवाण मूलराजाचं बंड उभं राहिलं. लाहोरात एक कट उघडकीला आला. त्यात राणीचा वकील गंगाराम फासावर गेला. खुद्द राणीविरुद्ध न्यायालयात टिकेल असा पुरावा मिळणं कठीण, हे आता रेसिडेंट झालेल्या करीला ठाऊक होतं. त्यानं तसं लिहिलंही. म्हणून खटल्याचा घाट न घालता १५ मे रोजी तिला शेखूपुऱ्याहून उचलून बनारसला नेलं. तिथे दागिने काढून घेतले आणि नेमणूक महिना हजारावर आणली. कलकत्त्याच्या न्यूमार्च नावाच्या इंग्रज वकिलाकरवी तिनं चौकशी मागितली. पण चौकशी होऊ देणं सरकारला परवडण्याजोगं नव्हतं.

या हद्दपारीचा परिणाम करीनं स्वतःच कळवून ठेवलाय : राणीला नेल्याच्या बातमीनं शिपाई बिथरले होते. राणी गेली, लहान महाराजा इंग्रजांच्या हाती, मग लढायचं कुणासाठी, असं ते बोलत. सप्टेंबरात सरदार शेरसिंग अटारीवाला बंडात सामील झाला. त्याच्या जाहीरनाम्यात इंग्रजांनी प्रजेच्या आईला कैद करून परमुलखात धाडल्याची तक्रार होती. अफगाणिस्तानचा अमीर दोस्त महंमद यानंही शिखांच्या रागाचं हेच कारण इंग्रजांना ऐकवलं. म्हणजे इंग्रज जिला सगळ्या देशानं ओवाळून टाकलेली बाई म्हणत होते, तिच्यासाठी त्या देशातली माणसं मरायला उभी होती. १३ जानेवारी १८४९ ला चिलियनवालाला इंग्रजांना जबर मार बसला, २१ फेब्रुवारीला गुजरातच्या लढाईत (हे पंजाबातलं गुजरात) शिखांचा मोड झाला. २९ मार्चला पंजाब खालसा. सातारा खालसा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि करणारा हात तोच, लॉर्ड डलहौसीचा.

त्याच सुमाराला जिंदांला बनारसहून चुनारच्या किल्ल्यात हलवलं. एप्रिलच्या एका रात्री ती दासीच्या वेषात पहाऱ्यातून निसटली. जाताना चिठ्ठी ठेवून गेली : तुमची कुलपं आणि पहारे असताना मी निघाले, चोरासारखी पळाले असं समजू नका. जंगल तुडवत महिनाअखेरीस ती काठमांडूला पोचली. सरकारनं तिचे नऊ लाखांचे दागिने जप्त केले आणि नेमणूक बंद केली. नेपाळच्या जंगबहादूर राणानं तिला थापाथळीला जागा दिली. याच जंगबहादूरनं १८५७ च्या पाडावानंतर नानासाहेब पेशव्यांच्या घरच्या बायकांनाही काठमांडूत आसरा दिला. मात्र इंग्रज रेसिडेंटचा डोळा तिच्यावर कायम राहिला.

अकरा वर्षं ती तिथे होती. इकडे दलीपला ख्रिस्ती करून १८५४ मध्ये विलायतेला नेलं. त्याच्याबरोबर गेलेले शिक्षक होते नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे ख्रिस्ती झालेले काशीचे चित्पावन पंडित नेहेम्या गोरे. पुढे दलीपनं आईची खबर काढायला याच गोऱ्यांना काठमांडूकडे पाठवलं, पण त्यांना राणीला भेटू दिलं नाही. मायलेकांची गाठ पडली ती थेट १६ जानेवारी १८६१ ला, कलकत्त्यातल्या स्पेन्सेस हॉटेलात. ती चाळिशीच्या पुढे गेली होती, जवळजवळ आंधळी झाली होती. योगायोगानं चीनच्या लढाईवरून परतलेले शीख शिपाई तेव्हा कलकत्त्यात होते. राणी आल्याचं कळताच ते हॉटेलभोवती गोळा झाले आणि जयजयकार सुरू झाला. अधिकाऱ्यांची पाचावर धारण बसली. दलीपनं मिळेल त्या बोटीनं आईला विलायतेला न्यावं असा लकडा लागला. जी बाई नको म्हणून बारा वर्षं दूर ठेवली, तिला आता सरकारच लंडनला पाठवत होतं, कारण हिंदुस्थानात ठेवणं त्याहून धोक्याचं.

इंग्लंडात ती दोन वर्षं जगली. जॉर्ज रिचमंडनं तिचं चित्र काढलं, त्यात परत मिळालेल्या दागिन्यांतले पाचू-मोती गळ्यात दिसतात. दलीपचा पालक लॉगिन आणि राणी व्हिक्टोरियाच्या दरबारातली मंडळी मात्र अस्वस्थ होती. आईच्या सहवासात मुलगा बिघडतोय, दोघांची घरं वेगळी करा, असं सुरू झालं. बिघडणं म्हणजे काय, तर तो पंजाबातल्या आपल्या खासगी जहागिरींचा हिशेब विचारू लागला होता.

१ ऑगस्ट १८६३ ला जिंदां वारली. इंग्लंडात तेव्हा प्रेत जाळायला परवानगी नव्हती, त्यामुळे देह महिनोन् महिने केन्सल ग्रीनच्या दफनभूमीतल्या चॅपेलमध्ये ठेवावा लागला. १८६४ मध्ये दलीप तो घेऊन मुंबईला आला. पंजाबात न्यायला मनाई झाली, म्हणून अंत्यसंस्कार मुंबई इलाख्यातच उरकावे लागले आणि नाशिकला पंचवटीत, गोदावरीकाठी, छोटीशी समाधी बांधली गेली. याच नदीच्या खालच्या अंगाला नांदेडचं तख्त आहे, ज्याच्या बांधकामाला रणजितसिंगानंच पैसा पुरवला होता. समाधीची देखभाल कपूरथळा संस्थान पाहत होतं. १९२४ मध्ये नात राजकन्या बंबा हिनं अस्थी लाहोरला रणजितसिंगाच्या समाधीपाशी नेल्या.

दलीप १८८६ मध्ये सगळं मोडून हिंदुस्थानकडे निघाला. त्याला एडनला अडवलं. तिथेच त्यानं पुन्हा शीख धर्म घेतला. नंतर तो पॅरिसला गेला आणि १८९३ मध्ये तिथेच वारला.

जिंदांची ही प्रतिमा शंभर वर्षं का टिकली, याचं उत्तर कागदांत आहे. ब्रॉडफूट, करी यांचे अहवाल निवडून-सवरून पार्लमेंटपुढे छापले गेले आणि इतिहास लिहिणाऱ्यांनी तेच पुरावे धरले. १८४९ मध्ये कनिंगहॅमनं ‘हिस्टरी ऑफ द सिख्स’मध्ये इंग्रजांच्या युद्धाच्या तयारीबद्दल आणि लालसिंग-तेजसिंगाशी चाललेल्या आतल्या बोलण्यांबद्दल लिहिलं, तर त्याला भोपाळच्या राजकीय जागेवरून काढून पलटणीत परत पाठवलं. दोन वर्षांत तो वारला. हार्डिंज-करी पत्रव्यवहार डॉ. गंडासिंग यांच्या संपादनातून १९५५ मध्ये वाचकांपुढे आला. डलहौसीची खासगी पत्रं त्याआधी, १९१० मध्ये छापली गेली होती. त्यांत त्यानं जिंदांबद्दल मत दिलंय, की साऱ्या पंजाबात पुरुषाची अक्कल असलेली ती एकटीच. हे मत खासगी पत्रातलं, सरकारी खलित्यातलं नव्हे.